तीस हेडफोन

शाळेत त्यांना सगळे लॅबच्या बाई म्हणत. त्या शिकवत नसत. शिकवायला वेगळे सर होते. बाईंचं काम म्हणजे सकाळी तीस कॉम्प्युटरांवरच्या निळ्या खोळी काढायच्या, संध्याकाळी परत घालायच्या, बिघडलेल्या माऊसची नोंद वहीत करायची आणि मुलांनी खुर्च्यांच्या पोटाला चिकटवलेलं च्युइंगम फूटपट्टीने खरवडून काढायचं. बावीस वर्षं त्यांनी हे इतकं नेटकेपणाने केलं होतं, की त्या रजेवर गेल्या तरच त्या आहेत हे शाळेला कळे.

घरी त्या, नवरा, आणि फोनवर मुलगी. मुलगी जन्मली तेव्हा अशी काही टिपेला रडायची की बाबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं, आणि तेच चिकटलं. बाबा छापखान्यात मशीनवर होते. मशीनच्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान हळूहळू गेले. ते मात्र सांगायचे, "एक कान मशीनने खाल्ला, दुसरा टिटवीने." मुलगी मोठी होऊन गाणं करायला लागली तेव्हा म्हणाले, "मी तुझा सगळ्यात चांगला श्रोता. कधी वाईट म्हणणार नाही."

टिटवी मोठ्या शहरात एका खोलीत राहायची. अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात काचा पुसायची, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायची, आणि उरलेला दिवस गाणी. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, कपाटाच्या दोन दारांवर गोधड्या टाकून त्यांच्या मध्ये बसून रेकॉर्ड करायची. उन्हाळ्यात त्या गोधड्यांच्या आत ती घामाने निथळायची, पण पंखा लावला तर त्याची घरघर गाण्यात येते. गाणी 'टिटवी' याच नावाने टाकायची. सहा वर्षं झाली होती.

गाणं करणं हे निम्मंच काम आहे, हे बाईंना हळूहळू समजलं. उरलेलं निम्मं म्हणजे रोज काहीतरी टाकत राहायचं. तीस सेकंदांचा व्हिडिओ. दात घासताना गायचं, कांदा चिरताना गायचं, केस विंचरताना गायचं.

"लोकांना गाणं नको असतं आई," टिटवी एकदा म्हणाली, "गाणारीचं घर हवं असतं."

एकदा गाता गाता ओट्यावरचं झाकण घरंगळत खाली पडलं आणि ती दचकून किंचाळली. तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. ज्या गाण्यासाठी तो केला होता, ते एकशे सहा जणांनी ऐकलं. पुढचे दोन महिने लोक खाली लिहीत होते, "झाकणवाली, आज काय पाडणार?" टिटवी हसून उत्तरं द्यायची. बाई ती उत्तरं वाचायच्या आणि त्यांना ते हसू खोटं आहे हे कळायचं, कारण लहानपणी गुडघा फुटला की पोर असंच हसायची.

बाई सगळं वाचायच्या. ते वाचायचं नसतं असं टिटवीने शंभरदा बजावलं होतं. पण रस्त्यात पोरीला कोण काय बोलतं हे आईला ऐकू येत असेल तर ती कान कशी बंद करणार? कुणीतरी लिहिलं होतं, "आवाज बरा आहे, चेहरा झाकून गा." त्या दिवशी बाईंचा डबा तसाच घरी परत आला. बाबांनी विचारलं, "भाजी बिघडली का?" बाई म्हणाल्या, "हो."

मग तो फोन आला. नवं गाणं येऊन दोन दिवस झाले होते. चष्म्याच्या दुकानातून सुचलेलं गाणं होतं ते, टिटवीने त्यावर पाच महिने घातले होते.

"किती झाले गं?" बाईंनी विचारलं.

"एकोणीस."

"अगं, आत्ता तर आलंय."

"तसं नसतं आई. पहिल्या चार दिवसांत कुणी ऐकलं नाही ना, तर ते ॲप पुढे कुणाला दाखवतच नाही. मेलं समजून बाजूला टाकतं." मग ती म्हणाली, "या वर्षाअखेर बघते. नाहीतर बंद करते. खरंच सांगते, दमले मी."

पोर रडली असती तर बाईंना इतकी भीती वाटली नसती. पण ती अगदी नीट, हिशेबी आवाजात बोलली, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर वाढलाय म्हणून सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास रिकामा होता. बाईंनी खोळी काढल्या, एक नंबरचं मशीन सुरू केलं आणि गाणं लावलं. शाळेत आवाज नको म्हणून हेडफोन जोडला आणि टेबलावर ठेवून दिला. आवाज पूर्ण बंद केला तर ते ऐकणं धरत नाहीत असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं, म्हणून थोडा ठेवला. मग दोन नंबरचं मशीन. मग तीन. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक मशीनला वेगळा माणूस लागतो, वेगळं अकाउंट लागतं. कपाटात वीसेक वर्षांपूर्वीच्या एका तुकडीचा हजेरीपट पडून होता. त्यातली तीस नावं त्यांनी उचलली. तीस माणसं उभी करायला त्यांना चार दिवस लागले.

तेव्हापासून हा नेमच झाला. सकाळी पहिल्या तासाला आणि मधल्या सुट्टीनंतर लॅब रिकामी असे. तीस पडद्यांवर टिटवीचं छोटंसं चित्र, तीस टेबलांवर तीस हेडफोन, आणि त्यांच्यातून येणारी बारीक कुजबुज. बाई तेवढ्या वेळात वही भरत, वायरींवरची धूळ पुसत. एखाद्या मशीनवर गाणं अडकलं की उठून पुढे ढकलत. हातांना काम असलं की त्यांची काळजी जरा दबून राहायची. आपण काही गैर करतोय असं त्यांना वाटलंच नाही. पोर परीक्षेला जाताना आई दारात उभी राहते, तसंच हे. त्याने पेपर सोपा जात नाही, पण उभं तर राहायचं असतं.

शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्यात लॅब झाडून जात. त्याच दुपारनंतर वाचनालयही झाडायच्या. त्या कधी काही विचारत नसत. एकदा फक्त म्हणाल्या, "बाई, हे एवढं लावून ठेवलंय, ऐकतंय कोण?"

"टेस्टिंग आहे," बाई म्हणाल्या.

दीड महिन्याने टिटवीचा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता.

"आई, बसलीयेस का? बस आधी. माझं गाणं सगळ्यात जास्त कुठल्या गावात ऐकतात माहितीय?"

"कुठं?"

"आपल्या! आपल्या गावात! तीस जण. आणि साधेसुधे नाहीत, रोज ऐकतात गं, रोज दोनदोनदा. फॉलोही करतात. थांब, नावं वाचते, ओळखतेस का सांग."

तिने नावं वाचली. बाईंना ती पाठच होती. एकेका नावाबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक मशीन येत होतं: अकरा नंबर, कीबोर्डची पट्टी निघालेलं, चौदा नंबर, सुरू व्हायला वेळ घेणारं.

"ओळखतेस?"

"नाही बाई," बाई म्हणाल्या. "नव्या वसाहतीतले असतील. हल्ली बरीच नवी माणसं आलीयेत."

"मी ना आई, सहा वर्षं लोकांचं ऐकत होते. लाख कशाला हवेत, जीव लावणारे थोडे मिळाले तरी पुरे, असं सगळे सांगायचे. मला वाटायचं, हरलेल्यांची समजूत घालतात. पण असतात गं. खरंच असतात!"

फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणतेय?"

"आनंदात आहे."

"मग तुझं तोंड असं का?"

बाई ताटं घ्यायला वळल्या. ऐकू येत नसलं की माणूस तोंडं फार बारकाईने वाचायला शिकतो.

बोलायची एक संधी त्यानंतरही आली. एका निवासी शाळेत टिटवीला संगीत शिक्षिकेची जागा चालून आली. कायमची नोकरी, राहायला दोन खोल्या. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. बाई बुधवारपासून वाक्य जुळवत होत्या. "अगं, एक सांगायचंय, रागवू नकोस." नाहीतर, "ते तीस जण आहेत ना..." लॅबमध्ये वायरी पुसता पुसता त्या ओठांतल्या ओठांत ते वाक्य घोकायच्या. गुरुवारी टिटवीने स्वतःच फोन केला.

"जागा चांगली आहे आई. मला कळतंय. पण तिथं दिवसभर शिकवायचं, वर वसतिगृहाची देखरेख. गाणं होणार नाही. आणि ते तीस जण रोज ऐकतायत. मी कुठल्या तोंडाने सोडू?"

बाईंच्या ओठांवर वाक्य आलं होतं. पण समोरून पोरीचा आवाज इतका उजळ येत होता, सहा वर्षांत न आलेला, की त्यांना तो विझवायचा धीर झाला नाही.

"तुझं तू बघ, बाळा," त्या म्हणाल्या.

"बघितलं. नाही म्हणून कळवलं आत्ताच. आणि ऐक, मी तिकडे येतेय. वाचनालयाचा हॉल मिळाला. पुढच्या रविवारी, संध्याकाळी पाच. माझा पहिला कार्यक्रम, आपल्याच गावात. त्या तिसांसाठी."

पुढचे दहा दिवस बाईंनी माणसं गोळा केली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, बँकेतल्या ओळखीच्या बाईंना सांगितलं, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे "हो हो, येणार तर!" म्हणाले आणि ज्या सुरात म्हणाले त्यावरून कोण येणार नाही ते कळत होतं. बाबांनी छापखान्यातल्या जुन्या सोबत्याला बोलावलं. त्याचेही कान गेलेले. "दोघं पहिल्या रांगेत बसू," बाबा म्हणाले, "टाळ्या कुठं वाजवायच्या तेवढं खुणेने सांग."

टिटवी शनिवारी आली. बारीक झाली होती, पण डोळे चमकत होते. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून गठ्ठा काढला. तीस कार्डं, हाताने कापलेली. प्रत्येकावर एकेकाचं नाव, आणि खाली त्या चष्म्याच्या दुकानातल्या गाण्याची ओळ:

काच पुसते मी, पुन्हा पुसते,
पलीकडे कुणी आहे असं वाटत राहतं.

"दारातच मांडून ठेवणार. येईल तो आपापलं उचलेल. असं नाव लिहिलेलं बघून कसं वाटेल ना गं?"

बाई म्हणाल्या, "अक्षर सुंदर आलंय." रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. आत्ता उठवून सांगावं, निदान कार्डं तरी मांडणार नाही. मग वाटे, झोपलीय पोर, झोपू दे.

हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या. पाच वाजता नऊ माणसं आली होती, आणि त्या नवांतल्या प्रत्येकाला टिटवीने कधी ना कधी काका किंवा काकू म्हटलं होतं. दाराजवळच्या टेबलावर कार्डं तीन ओळींत मांडलेली होती. वरच्या काकू येताना ती न्याहाळून म्हणाल्या, "माझं नाही वाटतं यात?"

सव्वापाच झाले. टिटवी गिटारच्या तारा लावत होती, लागलेल्या परत लावत होती. दर वेळी दाराकडे बघत होती.

"येतील," बाई म्हणाल्या. "रविवार आहे ना. माणसं निवांत निघतात."

"हो गं. थांबू अजून पाच मिनिटं."

पाच पंचवीसला बाबांचा सोबती मोठ्याने म्हणाला, "सुरू झालं का? मला काहीच ऐकू येत नाहीये!" त्यावर सगळे हसले, टिटवीही हसली, गुडघा फुटल्यावर हसायची तशी. आणि तिने गायला सुरुवात केली.

ती चांगली गायली. काकूंनी मान डोलावली, बँकेतल्या बाईंनी मोबाइल दोनदाच बघितला. बाबा बायकोच्या हाताकडे बघून टाळ्या वाजवत होते. झाडलोटीच्या मावशी कार्यक्रमानंतर हॉल झाडायला म्हणून आल्या होत्या. झाडू भिंतीला टेकवून त्या अगदी मागच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. तिसरं गाणं ते चष्म्याच्या दुकानातलं होतं. टिटवीने दुसरं कडवं सुरू केलं आणि गाता गाता तिची नजर मागे गेली. मावशींचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द जुळत होता.

गाणी संपली, माणसं पाठीवर हात ठेवून निघून गेली. टेबलावरची तीसही कार्डं जागच्या जागी होती. टिटवी गिटार तशीच खांद्याला अडकवून सरळ मागच्या रांगेकडे गेली.

"मावशी, तुम्हाला येतं ते गाणं!"

मावशी लाजल्या. "येतं म्हणजे काय, कानावर पडून पडून. पण आज शेवटचं ते फोनवरचं बोलणं नाही आलं?"

"ते रेकॉर्डिंगमध्येच आहे मावशी." टिटवीचा आवाज आनंदाने कापत होता. "कुठं ऐकता तुम्ही? तुमचं नाव काय? या यादीत आहे का?"

"मी कुठली यादीत! शाळेत ऐकते. लॅबमध्ये रोज चालू असतं ना, तीसच्या तीस मशीनवर. माणूस कुणी नसतं, नुसते हेडफोन पडलेले असतात. एकदा झाडताना एक कानाला लावून बघितला. बरं वाटलं. मग रोज झाडून झालं की बसते जराशी." मावशींनी कौतुकाने मान वळवली. "बाईच लावतात. टेस्टिंग असतं त्यांचं."

बाई खुर्च्या एकात एक घालत होत्या. त्यांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

टिटवीने आईकडे बघितलं. मग टेबलाकडे. मग परत आईकडे. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यातून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं.

तिने मावशींचा फोन मागून घेतला, त्यात स्वतःच्या हाताने गाणं टाकून दिलं, कसं लावायचं ते दोनदा दाखवलं. एका कार्डाच्या कोऱ्या बाजूवर मावशींचं नाव विचारून लिहिलं आणि त्यांना दिलं. उरलेली एकोणतीस गोळा करून पिशवीत टाकली. घरापर्यंतच्या रस्त्यात बाबाच तेवढे बोलत होते, कार्यक्रम छान झाला म्हणून.

स्वयंपाकघरात बाई म्हणाल्या, "तू म्हणालीस ना, मेलं समजून टाकतात. मला ते..."

"मी तुला रागावत नाहीये आई."

"मग रागाव ना!"

"कशी रागावू?" टिटवी ओट्याला टेकून उभी होती. "मी ती शाळेची नोकरी नाकारली त्यांच्यासाठी. त्यांच्याशी मनात बोलायचे गं. आज दुकानात असं झालं, आज गळा बसला. एकेकाचा चेहरा ठरवून ठेवला होता." तिने फोन ओट्यावर उलटा ठेवला. "त्या शाळेला वाटेतच मेसेज करून विचारलं मी. जागा भरली."

"मी काय करू आता? सांग, काहीही सांग."

"काढून टाक. एकही मशीन लावू नकोस. मला शून्य दिसू दे."

सकाळच्या बसने ती गेली. खिडकीतून हात हलवला, पण बस हलायच्या आधीच.

बाईंनी तीस अकाउंटं एकेक करून पुसली. जमवायला चार दिवस लागले होते, पुसायला एक तास पुरला. टिटवी आता आठवड्यातून एकदा फोन करते, बाबांच्या गोळ्या विचारते. चष्म्याच्या दुकानात पूर्णवेळ जाऊ लागलीय. नवं गाणं नाही. व्हिडिओही नाही. झाकणवाली कुठे गेली म्हणून कुणी विचारलेलं बाईंनी तरी वाचलं नाही. महिन्याभराने एकदा तिने फोनच्या पडद्याचं चित्र पाठवलं होतं: गावाचं नाव आणि पुढे एकचा आकडा. खाली लिहिलं होतं, "ही मावशी. हिला हात लावू नकोस."

त्याच आठवड्यात, पहिल्या रिकाम्या तासाला, मावशी लॅब झाडून खुर्चीवर टेकल्या आणि आपला फोन काढला. बाई वही भरत होत्या. आणि एकदम त्यांच्या हातातलं पेन थांबलं. ते गाणं त्यांनी हजारो वेळा लावलं होतं. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत एकदाही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्येही त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

आता स्वतःच्या फोनवर लावायची सोय राहिली नव्हती. लावलं तर तिकडे एकाचे दोन दिसले असते, आणि दुसरं कोण हे टिटवीने ओळखलं असतं, आणि ते खरं ऐकणं आहे यावर तिने का विश्वास ठेवावा?

"मावशी," त्या म्हणाल्या, "एक कान मला देता?"

मावशींनी हेडफोनचं एक टोक दिलं. दोघी खुर्चीला खुर्ची लावून, माना जवळ घेऊन बसल्या. गोधड्यांच्या आतला टिटवीचा श्वास, मग गिटार, मग ती काच पुसत राहिली. गाणं संपलं असं वाटलं. मग थोडी खरखर, आणि तिच्यामागून एक बाईमाणसाचा आवाज, लांबून, फोनवरून रेकॉर्ड केलेला, काळजीने चढलेला.

"हॅलो? हॅलो... अगं, ऐकू येतंय का? जेवलीस का?"

आणि तिथं ते तुटलं.

"हेच ते," मावशी म्हणाल्या. "मला हेच आवडतं. कोण असेल हो?"

बाईंनी कानातलं काढून त्यांच्या हातात ठेवलं. पुसून ठेवलं.

"परत लावू?"

"नको," बाई म्हणाल्या. "आज तुमचं एकदा झालंय ना. राहू दे."

घंटा झाली. मुलं जिन्यावरून धडधडत वर येत होती. बाई उठल्या आणि खोळी काढायला लागल्या.